चार तारा आणि एक ठोसा

खरेदीचे हे सदर वाचणाऱ्या मंडळींना ठाऊकच आहे की, आमची धाव मिक्सर, पंखे, गाद्या, फार तर शिलाईयंत्र येथपर्यंतच. वस्तू कशासाठी हवी हे आधी स्वतःला विचारावे आणि उत्तर मिळाल्यावाचून पाकिटाला हात लावू नये, एवढा एकच मंत्र आम्ही आजवर जपत आलो. यंदा दिवाळीच्या तोंडावर मात्र आमच्याच घरात अशी एक मागणी पुढे आली की, हा मंत्रही क्षणभर अडखळला. चिरंजीवांनी बेस गिटार मागितली.

"अरे, तुझ्याकडे आहे ना एक?" मी म्हटले.

"ती मित्राची, बाबा. तो नोकरीला बंगळूरला चाललाय. आणि तसाही तिच्या आवाजात ठोसा नाही."

ठोसा हा शब्द आम्ही आजवर मुष्टियुद्धाच्या बातम्यांतच वाचला होता. आमचा चेहरा पाहून चिरंजीवांनी मोबाइल पुढे केला. चौघा मित्रांनी बसवलेले आणि एका लहानशा स्टुडिओत ध्वनिमुद्रित केलेले गाणे त्यात होते. गाणारा ऐकू आला, गिटार ऐकू आली, ड्रम तर शेजाऱ्यांनाही ऐकू आले. आमचे चिरंजीव मात्र त्या गाण्यात कुठेच नव्हते. मग त्याने माझ्या कानाला हेडफोन लावून दिला. तेव्हा तळाशी काहीतरी घुमताना जाणवले. पण तो सूर आहे की इमारतीच्या टाकीवर पाणी चढवणारा पंप, हे सांगणे कठीण होते.

उपायही त्याने आधीच शोधून ठेवला होता. पाच तारांची, आत बॅटरी असलेली, आरशासारखी चकचकीत गिटार. छायाचित्र पाहून सौ. म्हणाल्या, "छान आहे की." किंमत ऐकल्यावर त्यांनी गॅस बंद केला आणि बाहेरच्या खोलीत येऊन बसल्या.

रात्री त्यांच्याकडूनच खरी गोष्ट कळली. पुढच्या ध्वनिमुद्रणात बेसचा भाग संगणकावरूनच वाजवून घ्यावा, असे मित्रांनी सुचवले होते. नाहीतरी तू ऐकू येतच नाहीस, म्हणाले. सुचवले होते हसत हसत. पण तीन वर्षे रोज संध्याकाळी बसून बोटांना घट्टे पाडून घेतलेल्या पोराला ते काही हसत ऐकता आले नसावे. म्हणजे त्याला भीती होती ती आपली जागा जाण्याची. आणि अशा भीतीपोटी माणूस जी खरेदी करतो, ती बहुधा महाग पडते आणि चुकतेही.

तेव्हा आम्ही चार आठवड्यांची मुदत मागून घेतली आणि अभ्यासाला बसलो. तो अभ्यास आज वाचकांपुढे ठेवीत आहे. ज्यांच्या घरी अशी मागणी आली असेल त्यांना त्याचा उपयोग होईल. ज्यांच्या घरी आली नसेल त्यांनी फार निश्चिंत राहू नये.

प्रथम हे वाद्य काय आहे ते पाहू. पाश्चात्त्य वाद्यवृंदात तळाचे सूर धरायला डबल बेस नावाचे माणसाहून उंच वाद्य असते. ते एका गावाहून दुसऱ्या गावी न्यायचे म्हणजे एक दिव्यच. शिवाय ड्रम आणि विजेच्या गिटारी यांच्या गलक्यात ते धड ऐकूही येत नसे. अमेरिकेत कॅलिफोर्नियातील फुलर्टन या गावी लिओ फेंडर नावाचा रेडिओ दुरुस्त करणारा गृहस्थ होता. शिक्षण हिशेबनिसाचे, आणि गंमत अशी की, स्वतःला गिटार वाजवता येत नसे. त्याने 1951 साली चार तारांची, खांद्याला अडकवून वाजवायची विजेची बेस गिटार बाजारात आणली. सिएटलच्या पॉल टटमार्कने 1930 च्या दशकात असा प्रयत्न केला होता. पण हे वाद्य जगभर पोचले ते फेंडरच्या हातून. डबल बेसच्या दांडीवर पडदे नसतात, त्यामुळे सूर लागणे सर्वस्वी बोटांच्या अंदाजावर. फेंडरने दांडीवर धातूचे पक्के पडदे बसवले. सूर नेमका लागू लागला, म्हणून वाद्याचे नाव पडले प्रिसिजन बेस.

या गिटारीची पेटी आपल्या सतारीच्या भोपळ्यासारखी पोकळ नसते. ती भरीव लाकडाची असते. तारांखाली 'पिकअप' असतो. म्हणजे लोहचुंबक आणि त्याभोवती तांब्याच्या केसासारख्या बारीक तारेचे वेटोळे. वरची पोलादी तार हलली की वेटोळ्यात किंचित वीज उत्पन्न होते आणि तीच पुढे स्पीकरमधून आवाज होऊन बाहेर पडते. सगळी मेख येथे आहे. दुकानदार लाकडाच्या जातीवर व्याख्यान देऊ लागला तर ऐकून घ्यावे, पण आवाजाचा बराच मोठा वाटा तीन गोष्टींचा असतो हे विसरू नये: पिकअप कोणत्या जातीचा आणि तारेखाली नेमका कुठे बसवला आहे, तारा कोणत्या आहेत, आणि बोट कुठे व कसे पडते.

आता त्या ठोशाकडे वळू. बेसची सर्वांत खालची तार सेकंदाला सुमारे 41 वेळा कंप पावते. मोबाइलचा नखाएवढा स्पीकर सेकंदाला दोनशे कंपनांच्या खालचे फारसे काही वाजवूच शकत नाही. मग तळाचे सूर त्यावर ऐकू यावेत तरी कसे? हे कोडे आम्ही जेवताना मांडले, आणि ते सोडवले आमच्या मातोश्रींनी.

मातोश्री तरुणपणी गाणे शिकल्या आहेत. त्यांचा मिरजेचा तानपुरा अजून त्यांच्या खोलीच्या कोपऱ्यात खोळ घालून उभा असतो. त्या म्हणाल्या, "अरे, खर्ज ऐकू येतो तो जवारीमुळे. जा, खोळ काढ." खर्जाच्या पितळी तारेखालचा दोरा त्यांनी बाजूला सारला आणि तार छेडली. बद्द असा आवाज आला आणि विझला. मग तोच दोरा घोडीवर केसभर पुढे, केसभर मागे करीत त्यांनी एका जागी आणला, आणि तीच तार खोलीभर बोलू लागली.

"तार तीच, सूर तोच," त्या चिरंजीवांना म्हणाल्या. "पण आता त्याच्या पोटातले वरचे सूर बाहेर आले. कान खर्ज ओळखतो तो त्यांच्या आधारानं."

पदार्थविज्ञानाचे पुस्तकही हेच सांगते. 41 कंपनांच्या सुराबरोबर 82, 123, 165 असे त्याच्या पटीतले सूर उमटत असतात. मूळचा 41 गाळून टाकला आणि वरचे तेवढे ठेवले, तरी कान त्यांच्यावरून मूळ सूर जुळवून घेतो. तेव्हा लहान स्पीकरवर बेस ऐकू यायला हवा असेल, तर तळापेक्षा मध्याची मशागत करावी लागते. ढोबळमानाने 80 ते 250 या पट्ट्यात आवाजाचे अंग असते. 700 ते 1000 च्या आसपास बोट तारेवर पडल्याचा ठाशीव शब्द असतो. हे दोन्ही सोडून नुसता तळ फुगवीत गेले की काय होते, ते पाण्याच्या पंपाच्या रूपाने आम्ही ऐकलेच होते.

दिवाळीचाच दाखला देतो. दोन गल्ल्या पलीकडे फुटलेला सुतळी बाँब आणि आपल्या अंगणात फुटलेला, यांत फरक काय? लांबच्याचा कडाका वाटेतच विरतो आणि नुसते 'धुम्म' तेवढे पोचते. तावदाने थरथरतात, पण बाँब कुठे फुटला ते कळत नाही. अंगणातल्याचा आधी 'फट्' आणि त्याला चिकटूनच 'धूम'. ठोसा म्हणजे ही दोन्ही एका क्षणात, आणि लगेच शांतता. ती शांतता महत्त्वाची आहे. पहिला सूर वेळेवर थांबला नाही, तर दुसऱ्याला बसायला जागाच उरत नाही.

हे सारे ज्यांनी पुस्तक न वाचता साधले, त्यांची हकिकत आता सांगायला हवी. 1959 साली डेट्रॉइट शहरात बेरी गॉर्डी नावाच्या तरुणाने कुटुंबाच्या सामाईक बचतीतून 800 डॉलर उसने घेतले आणि ध्वनिमुद्रिकांचा धंदा सुरू केला. तीच पुढे जगप्रसिद्ध झालेली मोटाउन कंपनी. वेस्ट ग्रँड बुलेव्हार्ड या रस्त्यावर 2648 क्रमांकाचे साधे दुमजली घर होते; त्याच्या गॅरेजाचा स्टुडिओ केला होता. डेट्रॉइट हे मोटारींचे शहर, आणि तरुण मंडळी गाणी ऐकत ती मोटारीतल्या रेडिओवर. म्हणून तयार झालेले गाणे एका लहानशा, किरट्या स्पीकरवरही वाजवून पाहिले जाई. आमच्या मोबाइलचा प्रश्न त्या मंडळींनी तेव्हाच ओळखला होता म्हणायचा!

या स्टुडिओत बेस वाजवीत असे जेम्स जेमर्सन. जन्म 1936 चा; मूळचा डबल बेसवाला. त्याची आवडती गिटार म्हणजे 1962 च्या बनावटीची साधी प्रिसिजन बेस. तिला चार तारा, एक पिकअप आणि दोन कळा, एक आवाजाची व एक वरचे सूर कमीजास्त करण्याची. तिच्यावर त्याने जाड, गुळगुळीत तारा चढवल्या होत्या, आणि तार तुटल्याखेरीज तो ती बदलत नसे. घोडीवरच्या झाकणाच्या आत स्पंजाचा तुकडा असे, त्यामुळे सूर उमटला की लवकर आवरला जाई. उजव्या हाताचे एकच बोट, तर्जनी, तो वापरी. सहकाऱ्यांनी त्या बोटाचे नावच 'आकडा' ठेवले होते. गिटारीची वायर खास बनवलेल्या एका लहान पेटीतून सरळ मुद्रणयंत्रणेला जोडलेली असे. एवढ्या सामग्रीवर त्याने जे वाजवले, ते आजही जगभरचे बेसवादक गिरवीत असतात.

त्या काळी मोटाउनच्या वेष्टनांवर साथीदारांची नावे छापीत नसत. मार्व्हिन गे याच्या 1971 च्या 'व्हॉट्स गोइंग ऑन' या तबकडीवर जेमर्सनचे नाव आले, तेव्हा कुठे श्रोत्यांना ते कळले. 1983 साली तो वारला. 2000 साली अमेरिकेतील रॉक अँड रोल हॉल ऑफ फेममध्ये, मागे उभे राहून साथ करणाऱ्यांच्या मालिकेत, त्याचा समावेश झाला. ही हकिकत वाचून दाखवली तेव्हा चिरंजीव बराच वेळ काही बोलले नाहीत.

दुसरे उदाहरण एका बाईंचे. लॉस एंजेलिसमध्ये कॅरल के या मूळच्या गिटारवादक. मुलांना वाढवता वाढवता स्टुडिओत साथीला जात. 1963 साली एका ध्वनिमुद्रणाला ठरलेला बेसवादक आलाच नाही, म्हणून यांनी बेस हातात घेतली, आणि पुढे त्यांची गणना त्या शहरातल्या अग्रगण्य बेसवादकांत झाली. त्यांचीही गिटार प्रिसिजन, तारा गुळगुळीतच. त्या बोटांऐवजी नखीने वाजवीत आणि घोडीजवळ तारांवर फेल्टची घडी चिकटवून ठेवीत. म्हणजे एकाचा स्पंज, दुसरीचे फेल्ट. दोघांनीही आवाजात भर घालण्याऐवजी त्यातले लांबण कमी केले. हे वाचून सौ.ना फार बरे वाटले. त्यांचा स्वयंपाकही याच तत्त्वावर चालतो.

आता बाजारात काय मिळते ते पाहू. नावे आणि रंग शेकडो असले, तरी आवाजाच्या दृष्टीने मुख्य घराणी तीन.

पहिले घराणे प्रिसिजनचे. 1957 साली फेंडरने तिचा पिकअप दोन तुकड्यांत विभागला. अर्धा खालच्या दोन तारांसाठी, अर्धा वरच्या दोन तारांसाठी. वेटोळी अशा बेताने जोडलेली असतात की, आसपासच्या विजेची घरघर आपोआप कापली जाते. तो बसवलेला असतो दांडी आणि घोडी यांच्या साधारण मधल्या भागात, आणि तेथे अंग व शब्द दोन्ही भरपूर सापडतात. फारशा कळा नसल्यामुळे बिघडवायलाही फारसे काही नसते.

दुसरे घराणे 1960 साली आलेल्या जॅझ बेसचे. हिची दांडी चिंचोळी, लहान हातांना सोयीची. आणि पिकअप दोन. मागचा घोडीजवळ, म्हणून त्याचा आवाज घट्ट पण अंगाने बारीक. दोन्ही पिकअप पूर्ण उघडले की घरघर जाते, पण मधले काही सूरही एकमेकांना खाऊन टाकतात. एकट्याने वाजवताना हा आवाज फार गोड वाटतो. ड्रम आणि गिटारी सुरू झाल्या की तो मागे पडू शकतो. अशा वेळी मागच्या पिकअपची कळ थोडी उतरवावी, मध्य परत येतो.

तिसरे घराणे 1976 च्या म्युझिक मॅन स्टिंगरेचे. ही कंपनीही फेंडरच्याच सहभागातली. हिच्यात घोडीकडे सरकवलेला दुहेरी वेटोळ्यांचा एक मोठा पिकअप असतो आणि आत नऊ व्होल्टच्या बॅटरीवर चालणारी यंत्रणा असते, तिने तळचे व वरचे सूर वाढवता येतात. ठोसा दणदणीत. शीक या वाद्यवृंदाचा बर्नार्ड एडवर्ड्स हीच वाजवी. नाचाच्या गाण्यांना फार चांगली. मात्र वरचा कडाका आवरण्याचे भान हवे. एक सूचना: बॅटरीच्या गिटारीची वायर वाजवून झाल्यावर काढून ठेवावी. ती खोचलेली राहिली की बॅटरी आतल्या आत संपत राहते आणि ऐन वेळी दगा देते.

तिन्ही घराण्यांच्या धर्तीवर यामाहा, आयबानेझ, फेंडरचेच स्वस्त भावंड स्क्वायर आणि इतर अनेकांच्या गिटारी मिळतात. पाच तारांचे म्हणाल, तर पाचवी तार आणखी खालची, सेकंदाला सुमारे 31 कंपनांची. ज्यांच्या संगीतात ते सूर खरोखर येतात त्यांनी ती अवश्य घ्यावी. पण आमच्या घरची तक्रार ऐकू येत नाही ही होती, आणि त्यावर उपाय म्हणून आम्ही आणखी खाली उतरायला निघालो होतो!

तारांविषयी दोन शब्द. गोल तारेने गुंडाळलेल्या तारा नव्या असताना झणझणतात, बोट सरकले की करकरतात. काही आठवड्यांनी शांत होतात. चपट्या पट्टीने गुंडाळलेल्या गुळगुळीत तारांचा आवाज भरीव आणि आटोपशीर, शिवाय त्या वर्षानुवर्षे टिकतात. नव्वद टक्के कडाका हवा असेल तर पहिल्या, ठाशीव गोळी हवी असेल तर दुसऱ्या. गिटार बदलण्याआधी तारा बदलून पाहणे केव्हाही स्वस्त.

आता दुकानात पारख कशी करायची? येथे बहुतेक लोक फसतात. दुकानातला मोठा स्पीकर तळ फुगवून दाखवतो, आणि माणसाच्या कानाची खोड अशी की, जे किंचित मोठ्याने वाजते तेच त्याला चांगले वाटते. म्हणून आम्ही धोबीतलावावर गेलो ते मित्राकडून मागून घेतलेली ध्वनिमुद्रणाची लहान पेटी आणि मोबाइल घेऊन. चिरंजीवांनी तीन गिटारी निवडल्या: त्याची लाडकी पाचतारी, एक नवी जॅझ धर्तीची, आणि दुकानदाराने कोपऱ्यातून काढून दिलेली एक वापरलेली प्रिसिजन धर्तीची, कडेला रंगाचा टवका उडालेली. तिन्हींवर एकाच ड्रमच्या ठेक्यावर एकच चाल वाजवली. वायर सरळ पेटीत. मध्ये काही साजशृंगार नाही. घरी येऊन तिन्हींचा आवाज सारख्या पातळीवर आणला, मोबाइल स्वयंपाकघरातल्या फडताळावर ठेवला आणि मातोश्रींना पाठमोरे बसवले. कोणती कोणाची हे त्यांना सांगितले नाही.

त्यांनी तिन्ही दोनदा ऐकल्या. म्हणाल्या, "पहिल्याचं पोट मोठं, शब्द कळत नाहीत. तिसरा गोड आहे, पण ढोल वाजला की लाजतो. दुसरा नीट बोलतोय."

दुसरी म्हणजे टवका उडालेली.

चिरंजीवांचा चेहरा उतरला. मग तो उठला, मित्राची उसनी गिटार घेऊन आला. ती जॅझ धर्तीचीच होती, आणि तीन वर्षे तो तिचे दोन्ही पिकअप पूर्ण उघडे ठेवून वाजवीत आला होता. त्याने मागच्या पिकअपची कळ उतरवली. सौ.कडून भांडी घासायचा नवा स्पंज मागून घेतला, त्याची पट्टी कापून घोडीजवळ तारांखाली सरकवली. उजवा हात दोन बोटे पुढे घेतला आणि तीच चाल वाजवून मुद्रित केली. मोबाइलवर लावली. ती बोलत होती.

"म्हणजे ही इतके दिवस बोलायला तयार होती," तो म्हणाला, "मीच बोलू देत नव्हतो."

त्याच्या तोंडून हे ऐकल्यावर आमची चार आठवड्यांची मुदत सत्कारणी लागली असे वाटले. तरी ती गिटार बंगळूरला जायचीच होती. दुसऱ्या दिवशी आम्ही टवक्याची घरी आणली. पाचतारीच्या निम्म्याहून कमी पैशांत काम झाले.

जुनी घेताना आम्ही काय पाहिले, तेही सांगतो. दांडी डोळ्यासमोर आडवी धरून ती पिळलेली नाही ना, हे बघावे. बाराव्या पडद्यावर तार दाबून वाजवावी, मग त्याच जागी नुसते बोट टेकवून वाजवावी. दोन्ही सूर एकच यायला हवेत. एकेका पडद्यावर तार दाबून खडखड होते का ते ऐकावे. कळा फिरवताना खरखर होत असेल तर भावात घासाघीस करावी, बहुधा ती सफाईने जाते. मुंबईच्या पावसाळ्यात लाकूड ओल धरते आणि दांडीचा बाक बदलतो. तो ठीक करायला दांडीच्या पोटात लोखंडी कांब असते. तिचा आटा अगदी थोडा थोडा फिरवायचा असतो, म्हणून हे काम पहिल्यांदा जाणत्याकडूनच करून घ्यावे. पिकअप तारांच्या फार जवळ नसावा. लोहचुंबक तार ओढून धरतो आणि सूर डळमळतो. फार लांबही नसावा, आवाज मवाळ होतो. उरलेल्या पैशांतून आम्ही हे सारे करून घेतले आणि गुळगुळीत तारांचा एक संच चढवला.

ध्वनिमुद्रणाच्या वेळी चिरंजीवांनी स्टुडिओवाल्याला नम्रपणे तीन विनंत्या केल्या. एक, बेसची वायर सरळ यंत्रणेत घ्यावी. दोन, तळ फुगवू नये; पायाच्या ड्रमला सर्वांत खालची जागा द्यावी आणि बेसला त्याच्या जरा वरची. एका पाटावर दोघांना बसवले की दोघेही अवघडून बसतात. तीन, आवाज समपातळीत ठेवणारा जो कॉम्प्रेसर असतो, त्याने सुरुवातीचा सेकंदाचा 20 ते 30 हजारांश भाग मोकळा सोडावा आणि मग दाबायला सुरुवात करावी. पहिल्या क्षणापासून दाबले की सुराचे तोंडच बंद होते, आणि ठोसा तर तोंडातच असतो. चौथी गोष्ट विनंतीची नव्हती, हाताची होती: ड्रमच्या पायाबरोबर नेमके पडायचे आणि वेळेवर थांबायचे. त्यासाठी तो आठवडाभर मेट्रोनोम लावून बसला होता.

वसुबारसेच्या संध्याकाळी चौघेही फराळाला आले. नवे मुद्रण कोणीतरी मोबाइलवर लावले आणि तो चिवड्याच्या डब्याला टेकवून ठेवला. दुसऱ्या कडव्यापर्यंत कोणी बोलले नाही. मग ड्रम वाजवणारा मुलगा पायाने ठेका धरीत चिरंजीवांना म्हणाला, "पुढच्या गाण्याची सुरुवात तुझ्या एकट्यानं करायची का रे?" संगणकाचा विषय कोणी काढला नाही. चिरंजीवांनी उत्तर न देता त्याच्या ताटलीत आणखी एक करंजी ठेवली.

मातोश्री आतून म्हणाल्या, "आता लागतोय हं खर्ज."

असो. वाचकांपैकी ज्यांच्या घरात चार तारांची मागणी आली असेल, त्यांनी किमतीची चौकशी करण्याआधी एवढेच विचारावे: हा आवाज कोणाला, कुठे आणि कशावर ऐकू जायचा आहे? उत्तर मिळाले की अर्धी खरेदी झाली. उरलेली अर्धी स्वयंपाकघरात, डोळे मिटून आणि घरातल्या वडीलधाऱ्यांचे कान उसने घेऊन करावी. दिवाळी सर्वांना सुखाची जावो. आणि बाँब लावायचेच असतील, तर ते दोन गल्ल्या पलीकडे लावावेत.